हळदीच्या दिवशी हमीपत्र

मितेशच्या हळदीचा मांडव सकाळी उभा राहिला, पण फ्लेक्स आदल्या दिवसापासूनच उभा होता. मधोमध हात जोडलेले मंत्रीसाहेब, त्यांच्याभोवती मानाप्रमाणे लहान लहान होत गेलेली पक्षाची तोंडं, खालच्या कोपऱ्यात सुदेश भोईर, आणि ज्याचं लग्न त्या पोराला जागाच न उरल्यामुळे नुसतं 'चि. मितेश'. फोटो नाही. मितेशने वर पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, नवरा नक्की कोण आहे?" सुदेशला ते ऐकूच आलं नाही. त्या दिवशी त्याचे कान फक्त फोनला लागले होते.

फोन मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा यायचा होता. साहेब दिवेलागणीला हळदीला येणार की नाही, ते अजून ठरलेलं नव्हतं. साहेब आले म्हणजे वॉर्डाचं तिकीट आलं, एवढं सुदेशला कळत होतं. राजकारणातलं त्यापलीकडचं त्याला फारसं काही कळत नव्हतं आणि त्याच्या पक्षात तशी अपेक्षाही नव्हती. अडचण एकच होती, ती म्हणजे त्याची आई.

सखुबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीने धवला गायल्याशिवाय हळद लागत नाही. देवांना, पितरांना, गावाच्या वेशीला गाण्यातून मांडवात बोलवायचं काम तिचं. आलेल्या पाहुण्यांची गाण्यातूनच खेचायची, हेही कामच. ज्याची खेचली त्याने हसायचं आणि गाल पुढे करून हळद लावून घ्यायची. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं होतं, आणि त्यात कुणाच्या भावना दुखावल्याचं भोईरांच्या गावात ऐकिवात नव्हतं. भावना तेव्हा बहुधा अंगाने धडधाकट असाव्यात.

गेल्या महिन्यात केण्यांच्या हळदीत हेच मंत्रीसाहेब ऐन विधीत मांडवात शिरले. देवांना बोलावणं चाललं होतं, ते थांबवून त्यांनी माइक घेतला आणि खाडीकाठच्या रस्त्याविषयी भाषण ठोकलं. ज्या रस्त्यासाठी गावाची मिठागरं गेली, जो शीळफाट्याच्या अलीकडेच कित्येक वर्षं खडी उघडी टाकून पडलाय, तो रस्ता. नवरी पाटावर ताटकळली, कालवलेली हळद वाळून गेली. साहेबांचं आटोपल्यावर सखुबाईने गाणं थांबलं होतं तिथूनच उचललं, आणि देवांच्या रांगेत साहेबांनाही बसवलं:

मांडवाचे दारी गो, कोन पावना आला
रस्ता गिलून आला, मिठागर गिलून आला
देव जेवून उठले गो, आचवून गेले
यो बसला ताटान, ताट उचलून नेले

मांडव हसला. साहेबही हसले, टाळ्याही वाजवल्या, कारण त्यांना ते कौतुक वाटलं. सुदेशच्या मुलीने, ठाण्याला वकिली शिकणाऱ्या कृतिकाने, ते सगळं टिपून नेटवर टाकलं आणि खाली सोप्या मराठीत अर्थ दिला. साहेबांना अर्थ कळला तो तिथे. तोवर लाखभर लोकांना कळून चुकला होता.

मग शासन जागं झालं. रस्त्यासाठी नव्हे, गाण्यासाठी. सखुबाईला आणि कृतिकाला पोलिसांची नोटीस आली: लोकप्रतिनिधीची बदनामी, शासनाविषयी अप्रीती, दोन गटांत तेढ. "कुठले दोन गट?" कृतिकाने विचारलं होतं. "ताटवाले आणि बिनताटवाले?" नोटीस घेऊन आलेल्या हवालदाराला हसू आलं, ते त्याने मोठ्या कष्टाने गिळलं. आणि आज सकाळी शेवटचा निरोप आला होता. सखुबाईने कॅमेऱ्यासमोर माफी मागावी, पुन्हा गाणार नाही असं हमीपत्र लिहून द्यावं, म्हणजे गुन्हा दाखल होणार नाही आणि साहेब मोठ्या मनाने हळदीला येतील.

*

माफीचा मसुदा करायला डोंबिवलीहून श्रीपाद सरांना आणलं होतं. सर सुदेशच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दर सव्वीस जानेवारीला कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर राज्यघटनेवर बोलतात, आणि बोलताना त्यांचा कंठ दाटून येतो. त्यांच्या वाचनालयाला साहेबांच्या निधीतून सभागृह मिळायचं होतं. त्या सभागृहात पहिलं व्याख्यान लोकशाहीवर ठेवायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

बंगल्याच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून सरांनी वाचलं, "'माझ्याकडून अनवधानाने रचल्या गेलेल्या काव्यपंक्तींमुळे आदरणीय मंत्रीमहोदयांच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे. शासनाच्या विकासाभिमुख वाटचालीस…'"

खाली चटईवर सखुबाई ओली हळकुंडं निवडत होती. तिने मान वर केली. "क बोलला यो?"

"चुकून गाणं झालं असं बोल, म्हणतात," जागृतीने सांगितलं. जागृती तिची मुलगी, कल्याणला दिलेली.

"गानं चुकून कसा होईल? चुकून शिंक येते."

कृतिका फिस्सकन हसली. सुदेशने तिच्याकडे रागाने पाहिलं. "हसतेस काय? तुझ्यामुळे झालंय हे सगळं. गाणं तिथल्या तिथे संपलेलं. तुला कोणी सांगितलं होतं जगाला दाखवायला?"

"मंत्री जगासमोर बोलले ना माइकवरून? मग आजीने का नाही?" कृतिका सरांकडे वळली. "सर, तुम्ही आमच्या शाळेत आलेलात तेव्हा मी नववीत होते. कलम एकोणीस तुम्ही पाठ म्हणून दाखवलेलं. मला वकील व्हायचं तेव्हा सुचलं, खरं सांगते. आता तुम्हीच माफीनामा लिहिताय?"

सरांनी चष्मा काढला. अवघड प्रश्न आला की चष्मा पुसायची त्यांची सवय सगळ्या शाळेला ठाऊक होती. "हे बघ बाळ, ते तत्त्व झालं. त्या तत्त्वावर मी आजही ठाम आहे. पण स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. टीका जरूर करावी. संयत भाषेत करावी, योग्य व्यासपीठावर करावी, योग्य वेळ पाहून करावी."

"आणि ज्याच्यावर करायची त्याची परवानगी घेऊन?"

"उपरोध नको."

"तो पण बंद का? कुठल्या कलमाखाली?"

"कृतिका!" सुदेश ओरडला. मग आवाज उतरवून, मतं मागायला फिरतो त्या आवाजात आईला म्हणाला, "आये, दोन मिनटाचा व्हिडिओ आहे. बोलून टाक आणि मोकळी हो. मी एवढी वर्षं सतरंज्या उचलल्यात त्यांच्या. आता कुठे दिवस आलाय."

"सतरंज्या तू उचल. मना कशाला उचलायला लावतोस?"

"जागे, तू तरी सांग हिला."

सगळे जागृतीकडे बघायला लागले. गेला आठवडाभर फोनवरून भावाशी भांडत होती ती हीच. आईच्या केसाला धक्का लागला तर पोलीस ठाण्यासमोर बसेन, पेपरवाल्यांना बोलावीन, असं काय काय ती बोलली होती. सखुबाईनेही तिच्याकडे आशेने पाहिलं.

जागृती पदराशी चाळा करत म्हणाली, "आये, ह्यांना परवा ऑफिसात बोलावून विचारलं, सखुबाई भोईर तुमची कोण लागते म्हणून. ह्यांनी सांगितलं, लांबची."

सखुबाईने हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"मग आता काय करायचं?" जागृती रडकुंडीला आली. "पोरांच्या शाळा आहेत तिथे. बदली झाली तर कुठे जायचं? मागून टाक ना माफी. सगळेच मागतात हल्ली."

"लांबची," सखुबाई म्हणाली आणि पुन्हा हळकुंडं निवडायला लागली.

*

मागच्या पडवीत शीला तांदूळ धुवून घेत होती. सुदेशची बायको, म्हणजे आजच्या नवऱ्याची आई. पण तिला तसं वागायला अजून कुणी सवड दिली नव्हती. कृतिका येऊन तिच्या शेजारी धपकन बसली.

"पुसून टाक ना गो तो व्हिडिओ," शीला म्हणाली. "कशाला हवं ते?"

"पुसला तर चुकीचं केलं असं होईल. आई, आमच्या मॅडम हायकोर्टात जायला तयार आहेत. पोलिसांना असा माफीचा व्हिडिओ मागायचा अधिकारच नाही. कुठल्याच कायद्यात नाही. ते मागतात, कारण लोक देतात. आजीने फक्त सही करायची नाही, एवढंच तिला करायचंय."

"तुझ्या आजीचा पुळका मला नको सांगू."

आईचं आणि आजीचं जुनं भांडण होतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शीला लग्न होऊन आली त्या दिवशी भर मांडवात सखुबाईने तिच्या वडिलांवर गायलं होतं. साखर मोजून देतो, मुंगीला अर्धीच देतो, असं काहीतरी. दोन्ही गावं पोट धरून हसली होती. शीला शालूच्या पदराआड रडली होती, आणि सासूला तिने ते आजतागायत माफ केलं नव्हतं. सणासुदीला, भांडणाला, आजारपणाला ती मुंगी घरात यायचीच.

आज तांदळाचं पाणी ओतताना तिला एकदम बापाचा चेहरा आठवला. तोही हसला होता. गाल पुढे करून त्याने हळद लावून घेतली होती, आणि पुढे मरेपर्यंत दर लग्नात स्वतःच सांगायचा, माझ्यावर सखुबाईने गायलंय म्हणून. मिजासीत सांगायचा. रेतीच्या होडीवर राबणारा माणूस. आपण उगाच त्याच्या वतीने एवढी वर्षं रागावून बसलो की काय, असं शीलाला पहिल्यांदाच वाटलं, आणि त्या वाटण्याचाही तिला राग आला.

"कृतू," ती म्हणाली, "माझा बाप पोलिसात गेलेला का गो?"

"कधी?"

"हिनं गायलं तेव्हा."

"नाही ना."

"मग हा एवढा मोठा मंत्री का जातो?" शीलाने पातेलं आपटलं. "माझ्या बापाकडे तर गाडी पण नव्हती."

*

चारच्या सुमाराला पोलिसांची गाडी आली. सहायक निरीक्षक धुमाळ हातात फाइल घेऊन उतरले, मागे एक महिला कॉन्स्टेबल. मांडवातल्या पोरांनी बेंजो एकदम बंद केला. धुमाळ तसे वाईट नव्हते. त्यांना चहा विचारला तर नको म्हणाले, आणि दिला तर प्यायले. वरून आलेलं काम खाली करायचं आणि घरी जायचं, एवढीच त्यांची विचारसरणी होती. अशा माणसांवरच सगळा कारभार चालतो आणि सगळा जुलूमही.

व्हिडिओ करायला सखुबाई तयार नाही, हे ऐकून त्यांनी फाइल उघडली. "मग हमीपत्र तरी द्या, आजी. वाचून दाखवतो. 'मी यापुढे शासन, शासनाचे निर्णय व लोकप्रतिनिधी यांच्याविषयी गाण्यातून, बोलण्यातून अथवा हावभावातून कोणतेही मतप्रदर्शन करणार नाही.'"

"हावभावातून?" कृतिका म्हणाली. "म्हणजे मंत्री दिसल्यावर तोंड वाकडं केलं तरी गुन्हा?"

"मॅडम, मी लिहिलेलं नाही हे."

"पण तुम्ही आणलंत. आजी, सही करू नकोस. हे उद्या कोर्टात एक मिनिट टिकणार नाही. सरकारला नावं ठेवायचा हक्क आहे आपल्याला, तो ह्यांनी दिलेला नाही, म्हणून ह्यांना काढून पण घेता येत नाही. गुन्हा दाखल करायचाय ना? करू देत."

धुमाळांनी चहाचा कप शांतपणे खाली ठेवला. "गुन्हा दाखल झाला तर मुख्य आरोपी तुम्ही, मॅडम. आजी गायल्या मांडवात. जगभर पसरवलं तुम्ही. वकील होणार ना? सनद घेताना विचारतात हो, काही गुन्हा प्रलंबित आहे का. मग बसा चकरा मारत."

सुदेशला हे आधीच माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शीलाने ते बघितलं. पोरीचं नाव पुढे करून आईला नमवायचं, हे ह्याने आणि पोलिसांनी मिळून ठरवलंय, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

सखुबाईने हात पदराला पुसले. "माजी नात सुटंल? तिचं नाव कुठं येनार नाय?"

"माझा शब्द."

"आजी, नाही!" कृतिका तिच्या पुढ्यात जाऊन बसली. "माझ्यासाठी करू नकोस. मला नको तसली सनद."

"तुना नको, मना हवी. घरान एक तरी शिकली." सखुबाई धुमाळांकडे वळली. "माफी नाय मांगनार. क चुकलंच नाय त माफी कसली? पन गानार नाय. बोलनार नाय. आन कुठं करायची सही?"

सखुबाईने हळदीच्या बोटांनी सही केली. अक्षरं मोठी मोठी, ओळीच्या बाहेर गेलेली. कागदावर पिवळा डाग पडला तो धुमाळांनी रुमालाने पुसून काढायचा प्रयत्न केला, आणि तो आणखीच पसरला.

"मिटलं, मिटलं," सुदेश बाहेर जाऊन फोनवर सांगत होता. श्रीपाद सर म्हणाले, "सुजाण निर्णय घेतलात, आजी," आणि आपला मसुदा वाया गेल्याचं थोडं दुःख करत त्यांनी तो खिशात घातला. जागृती आईजवळ गेली तर आईने तिच्याकडे पाहिलं नाही. कृतिका मात्र जागची हलली नाही. तिला आजीचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. कुणाच्या तरी भल्यासाठी गप्प बसायला लावायचं, आणि त्या कुणाच्या तरीमध्ये आपणच. ह्यापेक्षा दोन रात्री कोठडीत घालवणं सोपं, असं तिला वाटलं.

"वकील हो, मंग भांड," सखुबाई म्हणाली.

"तेव्हा काय म्हणून भांडू? आजीने लिहून दिलं होतं, असं समोरचा वकील दाखवेल मला."

सखुबाई निवडलेली हळकुंडं गोळा करायला लागली.

*

आता हळद लावायला धवलारीण कोण, हा प्रश्न उरला. सुदेशने तोही सकाळीच सोडवून ठेवला होता आणि त्याबद्दल तो स्वतःवर खूश होता. कोपरच्या बाजूची चांगुणाबाई. वय झालेली, एका कानाने कमी ऐकणारी. मुख्य म्हणजे तिच्याकडे मोबाइल नव्हता. व्हिडिओ तिने बघितलेला असणं शक्यच नव्हतं, म्हणजे ते गाणं तिला माहीत असणंही शक्य नव्हतं. धवलारणीच्या पोटी जन्माला आलेल्या माणसाने असा विचार करावा, हे नवल होतं. पण पक्षात गेल्यापासून सुदेशला जे फोनवर येत नाही ते घडतच नाही असं वाटायला लागलं होतं.

उन्हं उतरली. मितेश पाटावर बसला, शेजारी रिवाजाप्रमाणे आईबाप. धुमाळ कॉन्स्टेबलसह मागच्या खुर्च्यांवर बसले. साहेब येईपर्यंत थांबायचा हुकूम होता. सखुबाई बायकांच्या घोळक्यात एका कडेला, ओठ घट्ट मिटून. आयुष्यात पहिल्यांदा ती हळदीला नुसती पाहुणी म्हणून बसली होती, तेही स्वतःच्या नातवाच्या. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

चांगुणाबाईने पाटाभोवती तांदूळ सोडले आणि गळा लावला. आवाज थकलेला होता, पण चाल पक्की होती. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. खाडीला, वेशीला, भोईरांच्या मेलेल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. बायका मागून ओळी ओढत होत्या. सुदेशचा फोन थरथरला: साहेब निघाले, वाटेत आहेत. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि तेवढ्यात चांगुणाबाई पुढच्या कडव्यावर आली:

मांडवाचे दारी गो, कोन पावना आला…

सुदेशला आधी वाटलं आपल्याला भास होतोय. पण मागून बायकांनी ती ओळ उचलली, कुणी अडखळलं नाही, कुणी एकमेकींकडे बघितलंही नाही. महिन्याभरात ते कडवं लग्नालग्नांतून कोपरला पोचलं होतं, पार शीळफाट्याच्या पलीकडे गेलं होतं, आणि देवांच्या मागोमाग येणारं म्हणून धवल्यात बसूनही गेलं होतं. चांगुणाबाईच्या लेखी तो आता विधीच होता. गाळला असता तर हळद अर्धवट राहिली असती.

रस्ता गिलून आला, मिठागर गिलून आला…

"अगं थांबव, थांबव!" सुदेश पाटावरूनच ओरडला. चांगुणाबाईने ऐकू येत नसलेला कान त्याच्याकडे केला. त्याने शीलाचा हात धरला. "तू सांग तिला."

शीलाने हात सोडवून घेतला आणि घसा साफ केला. ज्या बाईने सासूच्या गाण्यावर सव्वीस वर्षं डूख धरला, ती नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात गायला लागली. आवाज काही बरा नव्हता. पण ताटाची ओळ तिने अशी म्हटली की पुढच्या रांगेतले पक्षाचे दोन कार्यकर्ते उठून फ्लेक्समागे गेले.

धुमाळ घाईघाईने सखुबाईजवळ आले. "आजी, हे काय? बंद करायला सांगा त्यांना."

सखुबाईने ओठ आणखी मिटले.

"आये, सांग ना!" सुदेश पाटावरून उठून आला होता. "तुझंच ऐकतील त्या."

सखुबाईने बोटाने धुमाळांच्या फाइलकडे दाखवलं.

"ती काय म्हणते?" धुमाळांनी विचारलं.

उत्तर कृतिकाने दिलं. "शासनाविषयी गाण्यातून, बोलण्यातून अथवा हावभावातून काही नाही. तुम्हीच वाचून दाखवलंत. ह्या गाण्याबद्दल ती काही बोलली तर हमी मोडते. बोटाने दाखवलं तो पण हावभाव झाला खरं तर, पण तेवढं सोडून द्या."

श्रीपाद सर मध्ये पडले. "तसा त्याचा अन्वयार्थ अभिप्रेत नाही…" पण पुढचं त्यांना कुणी बोलू दिलं नाही. गाणं त्यांच्याहून जोरात चाललं होतं, आणि संयत आवाजाची तेवढी एक अडचण असते.

गेटबाहेर सायरन वाजला, गाड्यांचे दिवे मांडवाच्या कापडावर पडले. धुमाळांनी फाइल मिटून काखेत मारली. "बरं बरं. आजी, मी देतो परवानगी. मी अधिकारी आहे, मी सांगतो, बोला. बोलायची परवानगी आहे तुम्हाला."

सखुबाईने ओठ उघडले. "तू देनार?"

"हो, देतो ना. सगळ्यांसमोर देतो."

तिने धुमाळांकडे बघितलं. मग कृतिकाकडे. "पोरी," ती म्हणाली, "तू सांगलीस ते खरं. मी लिवून दिला म्हनून यो देनारा जाला. माजीच जीभ, आन परवानगी यो देतंय." तिने नातीचा हात धरला. "तुजी सनद गो?"

"गा तू," कृतिका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "सनद मी भांडून घेईन. नाहीच दिली तर त्याच्यासाठी पण कोर्टात जाईन. माझ्यासाठी गप्प बसू नकोस, एवढंच कर."

सखुबाई गुडघ्यावर हात रेटून उठली आणि चांगुणाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चांगुणाबाई तिला जागा करून देत सरकली. सखुबाईने कडवं पहिल्यापासून धरलं. महिला कॉन्स्टेबल जमिनीकडे बघत होती, पण तिचा पाय ठेका धरत होता. गाण्यात मंत्र्यापाठोपाठ आता एक निरीक्षक आला, हातात चहाचा कप घेऊन, लोकांना त्यांच्याच जिभा वाटत फिरणारा. एक मास्तर आला, खिशात घटना घालून. मग पाटावरून उठून आलेला नवऱ्याचा बाप आला. आणि लांबची एक लेक आली, तेव्हा जागृती घोळक्यात तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागली आणि रडता रडताच बायकांबरोबर ओळ ओढायला लागली. बायकांनी सुदेशला धरून त्याच्या गालांना हळद फासली. तो नको नको म्हणत फोनकडे बघत होता.

बाहेर गाड्या गेटपाशी थोडा वेळ थांबल्या. एकीची काच खाली झाली. मग काच वर गेली आणि सगळा ताफा मागे वळून ठाण्याच्या दिशेने निघून गेला. सुदेश धावत गेटपर्यंत गेला, पिवळ्या तोंडाने हात जोडून काही अंतर मागेही पळाला. त्याला बघून रस्त्यावरचे रिक्षावाले हसले.

गाणं संपल्यावर धुमाळ पुढे आले. त्यांनी हमीपत्राचा कागद फाइलमधून काढला होता. "आजी, हमी मोडलीत तुम्ही. आता गुन्हा दाखल करावाच लागेल. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात हजर व्हायचं."

"उद्या लगीन हाय," सखुबाई म्हणाली. "परवा येतंय."

"परवा तर परवा. तुम्ही आणि ही मॅडम."

"आन मी," पाटावरून शीला म्हणाली. चांगुणाबाईला कुणीतरी चांगल्या कानात ओरडून सांगितलं, तिनेही मान हलवली. मागून केण्यांची सून उठली, तिच्या मागे तिची जाऊ. जागृती पदराने नाक पुसत उभी राहिली. धुमाळ कुणाकुणाची नावं लिहावीत ते न कळून पेन उघडून नुसते उभे होते.

सखुबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि एखाद्या पाहुण्याला वाट सांगावी तसं समजावून सांगितलं, "नावां कशाला लिवतोस, बाबा? सगल्याच येताव. गाडी मोठी धाड."